पेन्सिलबाईंची प्रत्यक्ष पडताळणी

आपण अस्तित्वात नाही ही बातमी पेन्सिलबाईंना सोमवारी सकाळी चहाच्या आधी मिळाली, आणि तीही त्यांनी स्वतःच मांडलेल्या कोष्टकातून. चहा झाला असता तर धक्का जरा सौम्य बसला असता. पण सोमवारी कँटीनवाला उशिरा येतो हे साऱ्या कंपनीला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल अंतर्गत लेखापरीक्षा विभागानं, म्हणजे बाईंनीच, एकदा कडक शेराही मारला होता. त्याचा उपयोग एवढाच झाला की तेव्हापासून तो मंगळवारीही उशिरा येऊ लागला.

कंपनी वजनकाट्यांची. सोनाराच्या नाजूक काट्यापासून मालट्रक अख्खा चढवायच्या काट्यापर्यंत सगळं तिथे तयार व्हायचं. त्यामुळे असेल, तिथल्या माणसांना नेमकेपणाची भारी हौस. जिन्याखाली, कँटीनच्या दाराशी, साहेबांच्या केबिनबाहेर, जिथे पाहावं तिथे तपासणीसाठी मांडून ठेवलेले काटे, आणि येता-जाता जो तो त्यावर पाय ठेवून, आकडा बघून, सुस्कारा टाकून पुढे जायचा. अशा नेमक्या माणसांचे हिशेब तपासणं हे बाईंचं काम. बाहेरचे ऑडिटर वर्षातून एकदा येतात, जेवतात आणि जातात. घरचे ऑडिटर वर्षभर तिथेच असतात आणि त्यांना जेवायला कुणी बोलावत नाही.

पेन्सिलबाई हे नाव हिरव्या पेन्सिलीवरून पडलेलं. बाई कामाला लागल्या तेव्हाच्या म्हाताऱ्या हेडक्लार्कनं पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात ती ठेवली आणि सांगितलं की निळी शाई लिहिणाऱ्याची, लाल शाई मोठ्या साहेबांची आणि हिरवी आपली. तपासलेला आकडा बरोबर असला की त्याच्या शेजारी बारीकशी हिरवी खूण करायची आणि पुढे सरकायचं. त्या काळी हे काम दोघींनी मिळून चालायचं. एकीनं मूळ पावतीवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं वहीत खूण करायची. वाचणारी बाईंची मैत्रीण होती. तिचा आवाज असा खणखणीत की खालच्या मजल्यावरचे लोकही आपापले आकडे तपासून घेत. दुपार कलली की ती कंटाळून आकड्यांना चाली लावायची, आणि अख्खी आवक-जावक गाऊन संपवायची. आता ती वाचणारी राहिली नव्हती. तिच्या जागी आधी एक कपाट आलं आणि मग कपाटाच्या जागी संगणक.

संगणकाशी बाईंचं वाकडं मुळीच नव्हतं. उलट मुख्य कचेरीनं जेव्हा संगणकावर आकड्यांचं विश्लेषण शिकवायला एक चुणचुणीत तरुणी पाठवली, तेव्हा सगळ्या विभागात ते मन लावून शिकल्या त्या बाईच. साहेब पहिल्या तासाला हजर राहिले, दुसऱ्या तासाला त्यांना फोन आला आणि तिसऱ्या तासाला ते फोनवरच राहिले. तोपर्यंत बाईंची नमुना तपासणीची रीत म्हणजे व्हाउचरांच्या गठ्ठ्यात डोळे मिटून बोट घालायचं आणि हाताला लागेल ते बाहेर काढायचं. भाजीच्या ढिगातून एक दाबून बघावी तसं. विश्लेषणवालीनं सांगितलं की आता नमुना नको, अख्खा ढीगच तपासायचा, आणि तोही एका दमात. बाईंना हे फार आवडलं. कोष्टकातल्या ओळी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या सरळ दिसायच्या, आणि गाळणी लावली की गुन्हेगार तेवढे पुढे यायचे. बाईंनी घरीसुद्धा साबण कोण जास्त वापरतं ह्याचं कोष्टक केलं होतं. घरात माणसं दोनच, बाई आणि त्यांचे यजमान. निष्कर्ष बाईंच्याच विरुद्ध गेला, म्हणून तो पुढे नेला नाही.

घोळ सुरू झाला तो बोगस कर्मचाऱ्यांपासून. विश्लेषणवाली म्हणाली, काही कंपन्यांत असं नाव सापडतं की ज्याचा पगार दर महिन्याला निघतो आणि मागे माणूसच नसतो. तर असा बोगस माणूस आकड्यांत कसा दिसेल, सांगा बरं. साहेब नेमके त्या वेळी फोनवर नव्हते. ते म्हणाले, त्याचा पगार भरमसाट असेल. बाईंनी मान हलवली. बाईंनी आयुष्यभर लबाड माणसं पाहिली होती, आणि लबाड माणूस पहिली काळजी घेतो ती उठून न दिसण्याची, हे त्यांना पाठ होतं.

बाई सांगत गेल्या आणि ती मुलगी लिहून घेत गेली. जो नाहीच आहे तो रजा घेणार नाही, कारण रजेला अर्ज लागतो. तो आजारी पडणार नाही, औषधांची बिलं लावणार नाही. पतपेढीचं कर्ज काढणार नाही, पत्ता बदलणार नाही, कुणाविरुद्ध तक्रार करणार नाही आणि त्याच्याविरुद्धही कुणी करणार नाही. त्याच्या फायलीत ना कौतुकाचा कागद असेल ना मेमो. आणि दारातल्या हजेरीच्या यंत्रात त्याचा अंगठा कधी उमटलेला नसेल. त्याची हजेरी कुणीतरी हातानं मांडत असेल.

"बाई, तुम्ही तर त्याच्या मनातच शिरलात," विश्लेषणवाली म्हणाली, आणि बाई लाजल्या. तेवढ्या खुशीत त्यांनी नियमही घालून दिला की महिनाअखेरपर्यंत ज्या ओळीचा समाधानकारक खुलासा होणार नाही, त्या नावाचा पगार आणि पुढचे सगळे कागद आपोआप थांबावेत. कुणाची शिफारस चालू नये म्हणून कोष्टकाला कुलूप घातलं आणि पासवर्ड फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवला.

सोमवारी सकाळी गाळणी लावली, तर साऱ्या कंपनीतून मोजक्याच ओळी गळून खाली आल्या. एक ड्रायव्हर होता, तो कंपनी सोडून गेला होता आणि नाव काढायचं राहिलं होतं. दोन पहारेकरी होते, ते दुसऱ्या गेटवर असल्यानं त्यांचे अंगठे दुसऱ्या यंत्रात होते. त्यांच्या ओळी तिथल्या तिथे मिटल्या. उरली एक. बाईंनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा कर्मचारी क्रमांक आपल्याला ओळखीचा वाटतोय तो आपलाच असल्यामुळे.

एकेक अट त्यांनी ताडून पाहिली. रजा त्यांनी कधी घेतली नव्हती. आधी नवी नोकरी म्हणून नाही, मग सवय म्हणून नाही. आजारपण त्या रविवारी उरकत. घर तेच, फोन तोच. तक्रार करावीशी अनेकदा वाटली होती, पण तक्रारीचा अर्ज जिथे द्यायचा त्या खिडकीतला माणूस बोलायला खडूस होता. राहिला अंगठा. यंत्र बसवलं तेव्हा बाईंचा अंगठा ते काही केल्या घेईना. इतक्या वर्षांचं खोडरबर, पेन्सिल आणि भांड्यांची पावडर ह्यांनी त्यावरच्या रेषा पार गुळगुळीत करून टाकल्या होत्या. पहारेकऱ्यानं तो पुसून पाहिला, तेल लावून पाहिला, स्वतःच्या हातानं दाबून पाहिला. शेवटी हजेरीचा कारकून म्हणाला होता की राहू द्या बाई, तुमचं मी हातानं मांडतो.

साहेबांना सांगितल्यावर ते खूप हसले, आणि आत्ता सही करून ओळ मिटवतो म्हणाले. साहेब चांगला माणूस, पण तो लेखापरीक्षेत बढतीनं आलेला होता, स्वभावानं नव्हे. बाईंनीच त्यांना अडवलं. पुरावा स्वतंत्र हवा, ज्याचा हितसंबंध आहे त्याचा चालत नाही, आणि साहेबांचे तर सगळे अहवाल बाईच लिहीत असल्यानं बाई नसण्यात साहेबांचा मोठा तोटा होता. उद्या एखाद्या स्टोअरकीपरनं अशीच सवलत मागितली तर त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? साहेबांनी मग तिघांची समिती नेमली आणि पुन्हा फोन उचलला.

बाई त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होत्या. ओळ मिटली नाही तर निवृत्तीचे कागद अडणार हे खरंच होतं, पण बाईंना लागलं होतं ते वेगळंच. इतक्या वर्षांत त्यांच्या कामावर कुणी एक शंका काढली नव्हती. आणि निघाली ती ही.

पुरावे गोळा करायला त्या उत्साहानं लागल्या. पहिला पुरावा म्हणजे हिरव्या खुणा. तळघरातल्या जुन्या वह्या त्यांनी वर आणवल्या. पानोपान खुणा, एकसारख्या, नेटक्या, अंकुर फुटल्यासारख्या. समितीनं त्या कौतुकानं चाळल्या आणि विचारलं की ह्या तुमच्याच कशावरून? बरोबरच्या खुणेखाली कुणी सही करत नाही. चूक काढली की तिच्याखाली नाव येतं, आणि चुकांचे सगळे शेरे वर्षानुवर्षं त्या त्या साहेबांच्या नावानं गेले होते. ज्या एकीनं शपथेवर सांगितलं असतं की मी वाचलं आणि हिनं खूण केली, ती आता कुठलेच आकडे वाचत नव्हती. बाईंना त्या दिवशी तिचा फार राग आला. आणि मग जिन्यात थोडं रडूही आलं, पण तेवढ्यात वरून कुणी उतरत होतं म्हणून ते तसंच राहिलं.

दुसरा पुरावा फोटो. कंपनीचा दरवर्षी एक समूह-फोटो निघायचा. पण रांगा लावायचं, उंचांना मागे घालायचं आणि साहेबांची खुर्ची मधोमध आणायचं काम बाईंकडे असे. त्या धावत येऊन कडेला उभ्या राहीपर्यंत फोटो निघालेला असायचा. सगळे फोटो धुंडाळल्यावर एका फोटोत डाव्या कडेला एक कोपर मिळालं. कोपर बाईंचंच होतं, मनगटावरचं घड्याळही दिसत होतं. समितीत थोडी चर्चा झाली. शेवटी कोपर ग्राह्य धरता येत नाही असं ठरलं.

कँटीनवाल्याला विचारलं तर त्याला पेन्सिलबाई छान आठवत होत्या. उंच, गोऱ्या, मोठ्यानं गाणाऱ्या, असं त्यानं वर्णन केलं. बाईंनी ते पूर्ण लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली आणि कागद समितीला न देता आपल्या पर्समध्ये ठेवला.

मग साहेबांनाच कल्पना सुचली की प्रत्यक्ष पडताळणी करून टाकू. ही पडताळणी बाई दरवर्षी गोदामात करत. कपाटं, पंखे, बेअरिंगं मोजायची, कागदावर आहेत ती जागेवर आहेत का ते पाहायचं. दरवर्षी स्टोअरकीपरकडे काहीतरी कमी भरायचं आणि बाई ते लिहायच्या. आता समितीनं पडताळणीला नेमला तो स्टोअरकीपरच, कारण बाईंच्या बाजूचा असल्याचा संशय त्याच्यावर कुणीही घेतला नसता. तो ठरल्या वेळी छापील तक्ता घेऊन आला. माणसांचा तक्ता नव्हता म्हणून त्यानं सामानाचाच आणला होता.

"बाई, उभ्या राहा," तो म्हणाला. "हलू नका. हलणारी वस्तू आम्ही दोनदा मोजतो, असं तुम्हीच लिहिलंय मागच्या साली."

त्यानं वर्णनाच्या रकान्यात 'बाई, एक नग' असं लिहिलं. स्थितीच्या रकान्यात 'जुनी, चालू' लिहिलं. वापरात आहे का ह्या प्रश्नापाशी तो बराच वेळ थांबला आणि बाईंकडे पाहून त्यानं ते कोरं सोडलं. मग त्यांना साहेबांच्या केबिनबाहेरच्या काट्यावर उभं केलं आणि वजन दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदलं. ते सगळ्या मजल्यानं वाचलं. नोंदीची चिकटपट्टी बाईंना लावता येईना, म्हणून ती त्यांच्या खुर्चीला लावली. समितीचं म्हणणं पडलं की ह्यातून एवढ्या वजनाचं कुणीतरी आहे हे सिद्ध होतं, पण ते कुणीतरी म्हणजे ह्याच, हे होत नाही. आणि दुःख हे की समितीचं बरोबर होतं. बाई त्यांच्या जागी असत्या तर त्यांनीही हेच लिहिलं असतं.

घरी ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही, आणि बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज बाईंच्या यजमानांशी बुद्धिबळ खेळायला खाली येत. ते म्हणाले, स्वतःच्या नावानं रजिस्टर पत्र टाका, परत आलं तर खरंच काळजी करा. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मोफत दाखला देऊ केला. माणसाची ओळख दातांवरून अगदी पक्की पटते, कोर्टातही चालते, असं त्यांनी समजावलं. पण कोणत्या अवस्थेतल्या माणसाची ते बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं आणि ते बाईंना भाजीचे बाजारभाव सांगू लागले. नणंदेनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "वहिनी, मी तर तुमच्या लग्नापासून सांगतेय, तुम्ही अशा मागे मागे राहू नका. पण तुम्ही ऐकलंत कधी? आता बघा." आणि दादाला फोन द्यायला सांगितलं.

दादा, म्हणजे यजमान, नकाशे काढणारे होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांनी कोष्टक, गाळणी, समिती हे सारं समजून घेतलं, आणि काळजी करू नको, कागदाचं काय, मी आहे ना, असं म्हणून पटावर वजीर पुढे सरकवला.

महिनाअखेर जवळ आली तशी बाईंना झोप येईना. पुरावे सगळे संपले होते. आणि मग त्यांना आठवलं की एक तपासणी राहिली आहे. लेखापरीक्षेतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी: आधी न सांगता अचानक केलेली. एखादी वस्तू आहे की नाही ते कळत नसेल तर ती काढून घ्यायची आणि कुणी ओरडतं का ते पाहायचं. एखाद्या दिवशी आपण जायचंच नाही. कुणी विचारलं, बाई कुठे आहेत म्हणून, तर तो पुरावा. तेवढ्यावर त्या समितीपुढे ताठ मानेनं उभ्या राहिल्या असत्या. आणि कुणी नाही विचारलं तर तोही पुरावाच, पण तिथपर्यंत विचार करायचं त्यांनी टाळलं.

तपासणीची कुणकुण कुणाला लागू नये म्हणून त्या नेहमीच्या वेळी कामाचे कपडे करून, डबा घेऊन निघाल्या, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

दार लोटून आत येतात तो त्यांच्या खुर्चीवर पोस्टमास्तर बसलेले. खुर्चीवर एक निळी उशी होती, ती बाईंनी ह्या घरात कधी पाहिली नव्हती. ती कुठल्या कपाटात असते हेही त्यांना माहीत नव्हतं. पोस्टमास्तर गडबडून उठले, उशीही घेऊन उठले. यजमानांनी पटावरून मान वर केली.

"काय विसरलीस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मग आठवेपर्यंत बस," असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल दाखवलं.

बाई स्टुलावर बसल्या. समोर फोन ठेवला. दिवसाचं घर त्यांच्या ओळखीचं नव्हतं. ऊन जिथे यायचं तिथे त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. कुठलीशी गाणी लागायची ती रेडिओवर लागली आणि दोघं पुरुष त्यात गुणगुणले. जेवायच्या वेळी त्यांनी आपला डबा उघडला, तेव्हा यजमान म्हणाले, अगं, डबा तर घेतलेला दिसतोय, मग छत्री विसरलीस का? बाईंनी मान हलवली. फोन वाजला नाही. एकदा वाजला, तो विमा विकणाऱ्या मुलीचा. तिनं मात्र बाईंना पूर्ण नावानं हाक मारली, आणि बाई तिच्याशी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ बोलल्या.

दुपार उलटून गेल्यावर साहेबांचा फोन आला. बाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"बाई, जरा आत या. ते कोष्टक उघडत नाहीये, पासवर्ड मागतंय."

"साहेब, मी घरी आहे."

मग साहेब हळूच म्हणाले, "कधी गेलात?"

"गेले नाही. आज आलेच नव्हते."

"असं कसं? हजेरी माझ्या समोर उघडी आहे. तुम्ही हजर आहात." साहेबांच्या आवाजात समजूत घातल्याचा सूर होता, एखाद्या आजारी माणसाला सांगावं तसा. मग ते कामावर आले. "बरं, पासवर्ड काय आहे?"

बाईंनी सांगितला. तो त्यांच्या वाचणाऱ्या मैत्रिणीचं नाव होता. साहेबांनी दोनदा विचारून घेतला, आभार मानले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई तडक हजेरीच्या कारकुनाकडे गेल्या. तो दोन मुलींचा बाप, अंगानं भरलेला, मनानं निर्मळ माणूस. बाईंनी न बोलता पडद्यावरच्या आपल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यात काय चुकलं हेच त्याला कळेना. त्यानं मोठ्या कौतुकानं करून दाखवलं: पहिल्या खोलीत 'ह' लिहायचा, त्याचा कोपरा माऊसनं पकडायचा आणि ओढत महिनाअखेरपर्यंत न्यायचा. रविवार आपोआप सुटतात.

"तुमच्यापुरतं मी पहिल्या तारखेलाच ओढून मोकळा होतो," तो म्हणाला. "बाकीच्यांचं रोज बघावं लागतं. तुम्ही आला नाहीत असं होतं का कधी?"

बाई तिथेच उभ्या राहिल्या. ह्या कंपनीत आपल्याबद्दल कुणी काढलेले हे सगळ्यात गोड उद्गार आहेत, की ह्या कंपनीत आपण पकडलेली ही सगळ्यात गंभीर अनियमितता आहे, हे त्यांना ठरवता येईना. दोन्ही असावं. एक मात्र लख्ख दिसत होतं. एवढं विश्लेषण झालं, समिती बसली, कोपर तपासलं, वजन झालं, आणि ह्या सगळ्यातून खरा म्हणावा असा एकच निष्कर्ष निघाला होता: एक कर्मचारी कामावर नसताना हजर. बोगस माणसाची व्याख्या हीच. कोष्टकानं बोट ठेवलं होतं ते अगदी बरोबर माणसावर.

आणखी कुणी असतं तर त्यानं त्या एका 'ह'कडे काणाडोळा केला असता. बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं आणि अहवाल लिहिला. कारकुनाचं नाव घातलं नाही. यंत्र नीट करावं, हजेरी ओढून मांडू नये, एवढंच पद्धतीबद्दल लिहिलं. पण ज्या कर्मचाऱ्याचा दिवस खोटा लागला त्याचं नाव आणि क्रमांक मात्र पूर्ण लिहिला. कारकुनाला तरी बोलणी खावी लागलीच, आणि तो बाईंशी बोलायचा बंद झाला तो शेवटपर्यंत. पुढे रोज सकाळी तो बाईंच्या टेबलापाशी येऊन, त्यांच्याकडे नीट पाहून, मगच परत जाऊन 'ह' लिहायचा. इतक्या वर्षांत सकाळी सकाळी बाईंकडे कुणी इतकं नीट पाहिलं नव्हतं.

साहेब अहवाल वाचून अस्वस्थ झाले. "कशाला बाई? एक दिवसाचा प्रश्न. निवृत्तीला चार दिवस राहिले तुमच्या. कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही, हेच तर लिहिलंय साहेब," बाई म्हणाल्या.

अहवाल आल्यावर मेमो देणं साहेबांना भागच होतं. विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये, ह्याचा खुलासा करावा. मसुदा कसा करायचा ते साहेबांना येईना, म्हणून तोही बाईंनीच करून दिला. मेमोची नोंद फायलीत चढली, एका दिवसाची बिनपगारी रजा लागली, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी गाळणी पुन्हा लावली तेव्हा कोष्टक रिकामं आलं. जो नाही तो न सांगता गैरहजर राहू शकत नाही, आणि त्याला मेमोही देता येत नाही. दोन अटी मोडल्या होत्या, ओळ आपोआप मिटली होती. समितीला काही ठरवावंच लागलं नाही. दूर मुख्य कचेरीतून विश्लेषणवालीचा आनंदाचा निरोप आला की एकही बोगस कर्मचारी नसलेला आपला हा एकमेव कारखाना.

साऱ्या नोकरीत बाईंच्या नावावर पडलेला तो पहिला डाग. कोऱ्या फायलीत तो कागद फार उठून दिसायचा. बाईंनी त्याची एक प्रत मागून घेतली. प्रत का हवी ह्या रकान्यात काय लिहावं ते न सुचल्यामुळे त्यांनी 'अभिलेखासाठी' असं लिहिलं, आणि कागद घडी न घालता घरी आणला.

यजमान पट मांडून पोस्टमास्तरांची वाट बघत होते. निळी उशी खुर्चीवर तयार होती. बाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो सावकाश वाचला, नकाशा वाचावा तसा, कडेपासून मध्यापर्यंत. तारखेपाशी आल्यावर कपाळाला आठ्या घातल्या.

"ही तारीख म्हणजे, तू परत आली होतीस ना अर्ध्या वाटेतून, तोच दिवस?"

"हो."

"काहीतरी विसरली होतीस. दिवसभर बसून आठवत होतीस." त्यांनी मान वर केली. "सापडलं का गं ते मग?"

बाईंनी कागद त्यांच्या हातून परत घेतला. खुर्चीवरची उशी बाजूला ठेवून त्या बसल्या, पर्समधून हिरवी पेन्सिल काढली, आणि मेमोवर जिथे त्यांचं नाव पूर्ण लिहिलेलं होतं, त्याच्या शेजारी एक बारीकशी खूण केली.

"सापडलं," त्या म्हणाल्या.